विचारून थांबायचं

"प्रश्न विचारून झाला ना, की थांबायचं. कितीही अवघड वाटलं तरी मधे बोलायचं नाही. आपण बोललो की समोरचा सुटतो."

इथल्या मराठी मंडळात मी लहान मुलांना स्तोत्रं शिकवायला लागले, तेव्हा यांनी मला हे सांगितलं होतं. मैदानावर ओरडून घोगरा झालेला तो आवाज अजून कानात आहे.

हे, म्हणजे विश्राम देवस्थळी, चंडीगडला विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवायचे. आम्ही अमरावतीहून आलो तेव्हा आमची ऋता नऊ वर्षांची होती. त्या खात्यात शिकवणं म्हणजे शिटी आणि हुकूम. यांनी मात्र सामना संपला की मुलांना गवतावर गोल करून बसवायचं, स्वतःही खाली बसायचं आणि एकच प्रश्न विचारायचा, असं सुरू केलं. उत्तर मुलांनी आपापसात बोलून शोधायचं.

पहिले काही महिने घरी येऊन चिडायचे. "प्रभा, मुलं गप्प बसतात. मलाच ते सहन होत नाही, मग मीच उत्तर देऊन टाकतो."

मी वाती वळत होते. म्हटलं, "मनात नाम घ्या. तेवढा वेळ जातो."

"हॅण्डबॉलच्या मैदानावर रामनाम?"

हसले, पण घ्यायला लागले. ओठ हलायचे. मुलं म्हणायची, "सरजी मंतर फूंक रहे हैं, अब तो बोलना ही पड़ेगा."

एका थंडीत डबा द्यायला गेले होते, ऋता बरोबर होती. मुलींचा संघ हरून बसला होता. यांनी विचारलं, "शेवटचा गोल झाला तेव्हा तू कुठे बघत होतीस? प्रत्येकीने सांगायचं." मग ती शांतता. पलीकडून शर्माजी, यांच्याच खात्यातले, जाता जाता म्हणाले, "देवस्थलीजी, आज भी सत्संग? प्रसाद में क्या है?" हे हललेसुद्धा नाहीत. बऱ्याच वेळानं गोलरक्षक मुलगी हळू म्हणाली, "सर, मैंने आँखें बंद कर ली थीं. बॉल से डर लगता है." मग दुसरी म्हणाली, मलापण. मग सगळ्याच बोलायला लागल्या. यांचा चेहरा असा झाला होता, जसं कुणी यांनाच बक्षीस दिलंय.

ऋता तेव्हा वाळूच्या खड्ड्यात उड्या मारत होती. लांब उडी हे तिचं वेड. शाळेत पहिली, मग शहरात. यांच्याच खात्यात शिकायचं, मैदानावरच राहायचं, हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. तिला वाटलं असेल, पापा विचारतीलच. सगळ्या जगाला विचारतात.

ती दहावी झाली तोवर काळ बदलला होता. शेजारच्या प्रत्येक घरातलं मूल इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी सेक्टर चौतीसच्या क्लासला जायला लागलं होतं. कुणाचा मुलगा कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेला, हेच सगळीकडे बोलणं. यांच्या खात्यातली शिकलेली मुलं जिममध्ये लोकांचं वजन मोजत होती. ते यांच्या मनाला फार लागलं होतं, मला कळत होतं.

एका संध्याकाळी ताटावर बसता बसता हे म्हणाले, "ऋता, तुझं नाव क्लासला घातलंय. सोमवारपासून जायचं. इंजिनिअरिंग."

ती म्हणाली, "पापा, आपने पूछा नहीं."

"यात विचारायचं काय? खेळात काय आहे ते मी रोज बघतो."

मी म्हटलं, "अहो, तिला विचारा तरी."

"तू तुझं नाम चालू दे."

ऋता यांच्याकडे बघत राहिली. आता वाटतं, तीच थांबली होती. यांनी काही बोलावं म्हणून. यांनी वरण मागितलं. मग ती म्हणाली, "ठीक है."

त्यानंतर ती सगळ्यालाच ठीक है म्हणत आली. इंजिनिअर झाली, पंचकुल्यात नोकरी लागली, तिथेच मैत्रिणीबरोबर खोली घेतली. बसनं फार लांब नाही. सणाला यायची, हे काही बोलले की "जी पापा", आणि जेवून परत. भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं.

हे निवृत्त होण्याच्या आधी बाहेरगावच्या शिक्षकांसाठी एक शिबिर झालं. चर्चेतून शिकवायचं कसं, यावर यांचं भाषण होतं. शेवटी नयना नावाच्या तरुण बाईंनी उठून विचारलं, "सर, आप घर में भी ऐसे ही पूछते हैं?"

"मग काय सांगितलंत?" घरी येऊन हे सांगत होते, तेव्हा मी विचारलं.

"काही नाही. ती थांबली होती, प्रभा. मी शिकवल्याप्रमाणे."

त्याच आठवड्यात यांनी ऋताला फोन लावला. मी देवापाशी बसले होते, ऐकू येत होतं. "ऋता, दहावीनंतर तुला काय करायचं होतं गं?" पलीकडे शांत. यांचे ओठ हलायला लागले, मला दिसलं. पण थोडंच. लगेच घाईघाईनं म्हणाले, "जाऊ दे, झालं ते झालं. पगार वेळेवर होतो ना?" फोन ठेवला आणि कितीतरी वेळ त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले. इतक्या मुलांपुढे जमलं, आपल्या मुलीपुढे नाही जमलं.

पुढच्या हिवाळ्यात हृदयानं दगा दिला. दवाखान्यात ऋता रोज यायची, औषधं आणायची, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायची. ती चहा आणायला गेली की हे दाराकडे बघायचे. एकदा माझा हात धरून म्हणाले, "तू विचार तिला. आणि थांब. कितीही वेळ लागला तरी." मी हो म्हटलं. फोनवर नाही विचारायचं, हे मीच मनाशी ठरवलं. शांतता समोर बसून सोसायची असते.

यांना जाऊन आता सहा महिने होत आलेत. दोनदा ती इथे आली, पण घरात कुणी ना कुणी भेटायला आलेलं. काल तिनं फोनवर विचारलं, "आई, दवा ली?" बाकी काही नाही.

आज रविवार, तिला सुट्टी असते. पहाटेच स्नान केलं, दिवा लावला, गच्चीवर चिमण्यांना दाणे टाकले. त्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही, तो नेम झाला. डब्यात तिच्या आवडीचे धपाटे भरले. जपमाळ पिशवीत ठेवली होती, परत काढून देव्हाऱ्यात ठेवली. तिच्यासमोर माळ ओढत बसले तर तिला वाटेल, आईचं चित्त दुसरीकडे आहे. नाम मनातही घेता येतं.

ती म्हणेल, "क्या हुआ आई, बोलो ना." तेव्हा एकदाच विचारायचं.

यांच्या फोटोपुढे दोन मिनिटं उभी राहिले. मग चपला घातल्या, कुलूप ओढून पाहिलं, आणि बसथांब्याकडे चालू लागले.