मुकी बाजू

धाकटी लेक नोकरीला लागली त्या वर्षी तिनं शिंपीबापाला मोठे हेडफोन आणून दिले. संध्याकाळी शेजारचा सुतार दुकानात यायचा. डावी बाजू शिंप्याच्या कानाला, उजवी सुताराच्या.

"सारंगी ऐकलीस?"

"ऐकली की. तुझ्या मशीनपेक्षा बरी वाजते."

पुढे सुताराच्या फुप्फुसांनी दगा दिला. शिंप्यानं दवाखान्यात जाऊन हेडफोन पहिल्यांदाच त्याच्या दोन्ही कानांवर चढवले. सुतार दचकला.

"अरे, डाव्या कानात वाजतंय! उजव्यात वर्षभर काहीच नाही. म्हटलं, करवतीनं कान खाल्ला."

"मग मान कशाला डोलवायचास?"

"तू डोलायचास म्हणून. सांगितलं असतं तर मला बोलावलं असतंस का?"

शिंप्यानं उजवी बाजू स्वतःच्या कानाला लावून पाहिली. ती मुकीच होती.

"गाढवा, कान धड आहे तुझा! आतली तार तुटलीय."

सुताराला खोकला येईपर्यंत दोघं हसले. मग शिंप्यानं वाजती बाजू सुताराच्या कानाला लावली आणि मुकी स्वतःच्या कानाशी धरून गाणं संपेपर्यंत मान डोलवली.

सुतार त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी वारला.