घंटेआधीची शेवटची

गुरुवारी सकाळी सव्वासहाला क्लॅरी नजेंटने वजनाच्या चकत्या लावलेला लोखंडी दांडा जमिनीवरून उचलला आणि मेंढी धरावी तसा दोन्ही गुडघ्यांत आवळला.

“सोडा त्याला,” ब्रॉन्विन म्हणाली. “पळून न्हाई जायाचा तो.”

कोपऱ्यातल्या सायकलवर नोला आपले दुखरे गुडघे फिरवत होती. ती फसकन हसली. लोकर कातरणाऱ्यांच्या टोळ्यांना रांधून घालण्यात तिचा जन्म गेला होता. “अगं, त्याला वाटतं दांड्याच्या पोटाखालीबी लोकर हाय.”

“तू गप पाय हलीव,” क्लॅरी म्हणाला.

गावच्या जुन्या बंबखान्यात ही जिम थाटली होती. पाऊस कधीचा रुसलेला. दाराच्या फटीतून लाल माती आत येई आणि सगळ्या यंत्रांवर बसे. ब्रॉन्विन किनाऱ्याकडच्या शहरातून आठवड्यातून एकदा येऊन व्यायाम शिकवायची. कप्पीच्या यंत्रावर क्लॅरी पहिल्या दिवशी उलटा बसला होता. ते एकदाचं जमलं. पाठ सरळ ठेवणं मात्र जमेना.

“छाती वर. कंबर न्हाई, पाय लावा.”

“पोरी, चाळीस वर्सं मेंढ्या कातरत वाकूनच खाल्लं म्या. आता ही पाठ तुझं कशी ऐकंल?”

हिवाळ्यात तीच पाठ धरली होती. तीन आठवडे बायको त्याच्या पायात मोजे घालत होती. सोमवारी मेंढ्यांच्या मोठ्या शेडमध्ये कातरणी सुरू व्हायची होती आणि मुकादम मॅग्वायरने त्याला तोंडावर सांगितलं होतं, “ब्रॉन्विननं पाठ ठीक म्हटली तर कातरणाऱ्यांतली चौथी जागा तुझी. न्हाई म्हटली तर झाडू घे आन् लोकर गोळा कर.” शेडच्या ज्या फळ्यांवर आपण कातरलं, त्याच फळ्या दुसऱ्यांच्या पायाखालून झाडायच्या, हे क्लॅरीला नको होतं.

आज शेवटची परीक्षा. ब्रॉन्विनने भिंतीवरचं घंटेचं घड्याळ लावलं. “घंटा होईस्तवर उचला. दमलात तर थांबा, कुणी हसणार न्हाई. पण पाठ वाकली तर मला मॅग्वायरला तसंच सांगावं लागंल.”

“म्या हसंन,” नोला म्हणाली.

क्लॅरीने उचललं. ठेवलं. पुन्हा उचललं. छाती वर, पाय खाली रोवलेले. घाम भुवईवरून डोळ्यात उतरला. नोलाने सायकल थांबवली. तिलाही दिसत होतं, म्हातारा नीट करत होता.

“लई झ्याक,” ब्रॉन्विन म्हणाली. “बास आता. घंटा होतच आली.”

क्लॅरीने दांडा ठेवला, घड्याळाकडे पाहिलं आणि झडप घालून तो पुन्हा धरला. शेडमध्ये मजुरी मेंढीमागे, आणि रीत अशी, की पाळी संपायच्या घंटेआधी पकडलेली मेंढी कातरणाऱ्याची. घंटेनंतर ती पुरी करायची आणि ती त्याच्याच खात्यात पडते. त्या वेळी वाकताना कोणी पाठीचा विचार करत नाही. घंटा वाजली तेव्हा दांडा गुडघ्यांपर्यंत आला होता आणि क्लॅरीची पाठ कमानीसारखी वाकली होती. त्याने तो तसाच वर नेला. खाली ठेवताना तोंडातून हुंकार निघाला. मग तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला.

“का उचलला?” ब्रॉन्विनने विचारलं.

“घंटेआधी धरला व्हता.”

“आवं, ही मेंढी न्हाई.”

“हात ऐकतोय व्हय?”

“नोला, तू तर बघितलंस—”

“म्या काय बघितलं न्हाई,” नोला म्हणाली. “माझ्या डोळ्यात माती गेली.”

ब्रॉन्विनने दांड्याच्या चकत्या एकेक करून काढल्या. “आधीचं सगळं उचलणं चांगलं व्हतं, क्लॅरी. त्येबी सांगंन. पण हे शेवटचंबी सांगावं लागंल.”

“सांग,” तो म्हणाला. सरळ व्हायला त्याला वेळ लागला. ते पाठीमुळे की दमल्यामुळे, हे त्याने सांगितलं नाही.

दुपारी ब्रॉन्विनने मॅग्वायरला फोनवर दोन्ही गोष्टी सांगितल्या. “बघतो,” एवढंच तो बोलला. रविवारी संध्याकाळी त्याने टोळीची नावं कळवली. चौथ्या जागेपुढे कुणाचंच नाव नव्हतं, आणि झाडू कुणाकडे हेही त्याने सांगितलं नव्हतं; ते सोमवारी शेडमध्येच कळणार होतं.