एकशे बारा टप्पे

"पृथ्वीप्रदक्षिणा पुरी कर, एकही टप्पा गाळू नकोस," थोरल्या दिरांनी शेवटच्या आजारपणात ह्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. कॉम्प्युटरवरच्या विमानाने दोघे भाऊ रोज एका विमानतळावरून पुढच्या विमानतळावर जात. एकशे बारा टप्पे झाले आणि जुना कॉम्प्युटर बंद पडला. मुलाने नव्यावर विमान उडवायचा नवा सिम्युलेटर घालून दिला. त्यात जुन्या उड्डाणांची नोंद काही येईना.

"बाबा, सरळ एकशे तेराव्यापासून धरा. कोण बघतंय?"

"तुझे काका."

"काका काय तिकीट तपासायला येणारेत?"

हे हसले, मग माझ्याकडे पाहू लागले.

"नेमात खंड पडला की मी पहिल्या दिवसापासून धरते," मी म्हटलं.

ह्यांनी चष्मा पुसला, पहिला विमानतळ निवडला आणि इंजिन सुरू केलं.