उपासाची गोळी

मित्रांनो, मी एक म्हातारी कात्री आहे. मंचरच्या पेठेत एका मेडिकलच्या काउंटरला सुतळीनं बांधलेली असते. सुतळी कशाला, असं कोणी विचारलं तर मी सांगते, मला पळवून न्यायला पुण्याहून माणसं येतात म्हणून. खरं कारण एवढंच, की आमचे मालक नौशादभाई मला रोज कुठंतरी विसरायचे.

माझा जन्म जुन्नरचा. नवाबचाचा नावाच्या कारागिरानं मला घडवलं. एका सरदाराच्या तलवारीपासून घडवलं, असं मी तीस वर्षं सांगत आले आहे. आता वय झालं, खोटं किती बोलायचं? एका मालट्रकचा मोडलेला पाटा होता तो. पण धार अशी, की गोळ्यांच्या पाकिटाला मला नुसतं दाखवलं, तरी त्याचे दोन तुकडे व्हायचे. एकदा उसातला एक बिबट्या खोकला झाला म्हणून दुकानाच्या पायरीपर्यंत आला होता. मी दोनदा कचकच केलं, तसा तो औषध न घेताच पळाला. विश्वास बसत नसेल तर त्या बिबट्याला विचारा.

नौशादभाईंच्या हातात माझे दिवस जोरात होते. दुकानात गर्दी दाटलेली, आणि ते मला सपासप चालवायचे. "पांढरी सकाळी, तांबडी रात्री. पुढचे या!" एवढंच बोलणं. मीही माझ्याच तोऱ्यात कापत सुटायचे. कोणाच्या पाकिटावर औषधाचं अर्धंच नाव उरायचं, कोणाची तारीख कापली जायची. पुढं घरी त्या माणसाला दोन्ही गोळ्या पांढऱ्याच दिसल्या तर? हा विचार ना मालकांनी केला, ना मी. लोक मात्र म्हणायचे, "राव, काय हात आहे! काय कात्री आहे!" मी फुगून जायचे.

मग नौशादभाईंची लेक गुलशन औषधांचं शिक्षण पुरं करून काउंटरला उभी राहिली. पहिल्याच दिवशी तिनं मला उचललं आणि म्हणाली, "अब्बा, होता होईल तो पाकीट कापायचं नाही. कापलंच तर नाव आणि तारीख पेशंटकडे गेली पाहिजे." झालं! माझं काम निम्म्यावर आलं. मी काउंटरच्या खिळ्याला लटकून रुसून बसले. दोन पावसाळे माझ्या अंगावर गंज चढला, कोणी तेलाचा थेंबही दिला नाही.

लटकल्या लटकल्या मी त्या पोरीची एक खोड पाहत होते. औषध दिलं की ती म्हणायची, "आता तुम्ही मला सांगा, हे कसं घ्यायचं?"

एकदा भिमाजी नावाचे म्हातारबा चिडले. "अगं ताई, शाळा सोडून साठ वर्सं झाली, आन् तू हितं तोंडी परीक्षा घेती व्हय? चुकलो तर छडी का?"

"छडी मला, बाबा," गुलशन हसून म्हणाली. "तुम्ही चुकलात म्हणजे मी नीट सांगितलं नाही."

भिमाजींनी सगळं बरोबर सांगितलं आणि मिशीवर हात फिरवून गेले. मला वाटलं, काय हा वेळेचा नाश! मित्रांनो, तेव्हा माझी अक्कल माझ्या धारेपेक्षाही बोथट होती.

दसरा होऊन गेल्यावरची गोष्ट. महाळुंगे पडवळच्या प्रयागबाई आल्या. साठीची बाई, एके काळी एकटी कांद्याची गोणी उचलणारी. आता पाय सुजलेले, आवाज घोगरा, दोन पायऱ्या चढताना तीनदा थांबल्या. थायरॉईडची गोळी पौषापासून चालू होती, तरी रिपोर्ट सुधारत नव्हता. म्हणून डॉक्टरांनी गोळी दुप्पट ताकदीची लिहून दिली होती.

गुलशननं चिठ्ठी वाचली. नवी गोळी काढली, पण हातातच धरली.

"मावशी, आधीची गोळी कशी घेत होता? सांगा बरं."

"नेमानं घेती गं बाई. एक बी चुकवली न्हाई," प्रयागबाई म्हणाल्या. "तुमच्या गोळ्या लई पुरतात पण. ह्या बघ, आजून उरल्यात." आणि त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेली पाकिटं काढली. जवळजवळ भरलेली!

गुलशनच्या कपाळावर आठी आली. "मधे कधी बरं वाटलं होतं का?"

"वाटलं की! शरावणात अशी टुणटुणीत व्हते, खुरपायला जात व्हते. नवरात्रात बी. समदी म्हणली, भीमाशंकर पावला. कार्तिक लागला का उपास आनखी वाढवणार हाये मी."

"श्रावणात आणि नवरात्रात," गुलशन हळूच म्हणाली. "मावशी, डॉक्टरांनी कधी घ्यायला सांगितली होती?"

"उपाशीपोटी," प्रयागबाई ठामपणे म्हणाल्या. "मंग मी उपासालाच घेती. सोमवारी, चतुर्थीला, एकादशीला. शरावणात म्हयनाभर आन् नवरात्रात नऊ दिस रोज. जेवायच्या दिवशी कशी घेऊ?"

दुकानात कोणीतरी फिसकन हसलं. गुलशननं वर पाहिलं मात्र, हसणं जागीच विझलं.

मित्रांनो, मी लोखंडाची, पण त्या क्षणी मला घाम फुटला. नवी गोळीही उपासालाच घेतली असती, तर आजार तसाच राहिला असता. आणि घरातल्या कोणी ती दुप्पट गोळी रोज द्यायला सुरुवात केली असती, तर त्या वयात काळीज धडधडून भलतंच झालं असतं. डॉक्टर शहाणे, गोळी खरी, बाई नेमाची. घोटाळा होता तो एका शब्दात.

गुलशननं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून ते म्हणाले, "अहो, उपाशीपोटी हा काय अवघड शब्द आहे?"

"शब्द सोपाच आहे, सर. मावशींच्या घरी त्याचा अर्थ निराळा आहे."

मग डॉक्टरांनी दुप्पट गोळी रद्द केली, जुनीच रोज घ्यायला सांगितली आणि दीड महिन्यानं रक्त तपासायचं ठरवलं.

प्रयागबाईंचे डोळे भरून आले. "येडीच हाये गं मी. दहा महिनं वाया घालवलं."

"वेड्या कशा, मावशी? जे समजलं ते एकही दिवस न चुकता केलंत. आमच्याकडे असतं, तर बारा महिन्यांतून गोळी एका रमजानमध्येच पोटात गेली असती!"

प्रयागबाई डोळे पुसता पुसता हसल्या. गुलशननं सांगितलं: रोज सकाळी, पाण्याबरोबर, काही खायच्या आधी, आणि मग अर्धा तास चहासुद्धा नाही. "आता तुम्ही सांगा."

"रोज. उपास असू दे न्हाईतर पुरणपोळी. उठलं, चूळ भरली, गोळी आन् पाणी. मंग अर्धा तास च्या न्हाई."

"अर्धा तास कसा कळणार?"

"घड्याळ कशाला? गोळी घेऊन गोठ्यात जाईन. दोन म्हशींची धार काढून झाली, का झाला अर्धा तास."

मी थक्क झाले. हे ना डॉक्टरांच्या चिठ्ठीत होतं, ना गुलशनच्या पुस्तकात. गुलशननं पाकिटावर उगवता सूर्य काढला आणि त्याखाली म्हैस. म्हैस शेळीसारखी दिसत होती, पण प्रयागबाईंना ओळखू आली.

दीड महिन्यानं रिपोर्ट सुधारला. पुढच्या उन्हाळ्यात त्या आल्या, त्या तरातरा पायऱ्या चढून. बाजाराचा दिवस, दुकान खच्चून भरलेलं. गुलशननं घाईत गोळ्या पिशवीत टाकल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली. प्रयागबाई काही हलेनात.

"काय झालं, मावशी?"

"इचारलं न्हाईस मला."

"अहो, तुम्हाला तर पाठ आहे!"

"पाठ व्हतं ते मोडलं," प्रयागबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "म्हशी आटल्यात दोन्ही. धार न्हाई, तर मी अर्धा तास कसा धरत आसंन, इचार की!"

मागून एक जण ओरडला, "आजी, आवरा, बस जाईल!"

"जाऊ दी. दुसरी येईल," त्या म्हणाल्या. गुलशननं हातातलं काम खाली ठेवलं. "चुकलं माझं. सांगा, मावशी."

"आंगण झाडायचं, सडा टाकायचा, तुळशीला पानी घालायचं, मंग च्या. बरुबर हाये का?"

"बरोबर," गुलशन म्हणाली. तिनं नव्या पाकिटावर उगवता सूर्य काढला आणि खाली म्हशीच्या जागी झाडू.

म्हणून मित्रांनो, या बोथट म्हातारीचं एवढं ऐका. औषधाची पिशवी हातात आली की लगेच पायरी उतरू नका. काय समजलं ते स्वतःच्या शब्दांत तिथंच बोलून दाखवा. घरातल्या आजीआजोबांनाही बोलायला लावा, आणि ते चुकले तर हसू नका. माझं काय, मी तोंड उघडलं की काहीतरी तुटतं. तुम्ही मात्र उघडा.