प्रयागबाईची चाल

"रामहरी, पुन्हा थांबलास!"

गेणबांनी टाळ खाली ठेवले. लासुर्ण्याच्या मारुतीच्या देवळात सरावाला बसून बराच वेळ झाला होता आणि अजून पहिला अभंग धड पार पडला नव्हता.

"मी कुठं थांबलो, आबा?" रामहरी म्हणाला. पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि गेणबांना वैताग त्याचाच होता.

नरसिंहपूरची जत्रा तोंडावर आली होती. लासुर्ण्याच्या भजनात पुढं उभं राहून म्हणायचा मान गेणबांचा. पण माघात त्यांची बायको प्रयागबाई गेली आणि त्यांचा आवाज जो बसला, तो वर चढेना. मान घरात ठेवायचा तर पोरानंच म्हणायला हवं होतं. नाहीतर मृदंगवाल्या झुंबरचा पुतण्या म्हस्कू तयारच होता. रामहरीचा आवाज गोड होता, मोकळा होता. पण प्रत्येक ओळीच्या मध्यावर गडी श्वासभर गप्प व्हायचा आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढं जायचा.

"गेणबाराव, माझा हात हवेत राहतोय," झुंबर म्हणाला. "थाप कुणावर मारू? तुमच्या पोरावर?"

"मार की. मी धरतो त्याला."

गेणबांनी पोराच्या मांडीवर बोटांनी ताल धरून पाहिला. डोळे मिटून म्हणायला लावलं. सकाळी उसाच्या बांधावर उभं करून एकट्याकडून म्हणवून घेतलं. पाटाचं पाणी थांबत नव्हतं, पोरगा थांबत होता.

घरी गेणबांची थोरली बहीण कुशाबाई ज्वारी निवडत होती. प्रयागबाई गेल्यापासून ती कन्हेरीहून येऊन घर सांभाळत होती. ओसरीवरचं बापलेकांचं ऐकून ती हसायला लागली.

"हसतीस काय, अक्का?"

"पोराला कशाला बोलतुयास? त्यो थांबतोय तितं प्रयागा जात्यात मूठ टाकायची."

"कसली मूठ?"

"दाण्याची. एका हातानं खुंटा ओढायचा, दुसऱ्यानं मूठ टाकायची. टाकताना बाई गप बसती, मग पुढचं म्हणती. हे बेनं तिच्या मांडीवर निजून ऐकत वाढलंय. ह्याला वाटतंय गाणं असंच असतंय."

प्रयागबाईला जात्यावरची ती एकच चाल आवडायची. पाळणा त्याच चालीत, हळद त्याच चालीत, आरतीसुद्धा ती तिकडंच ओढून न्यायची. "तुला दुसरी चाल येत न्हाय का गं?" असं गेणबांनी किती वेळा विचारलं असेल. "ही काय वाईट हाय?" एवढंच ती म्हणायची. आता ती नव्हती, पीठ गिरणीतून येत होतं, जातं भिंतीला टेकून उभं होतं. आणि चाल पोराच्या गळ्यात बसून भजन मोडत होती. गेली तरी ऐकत नाही ही बाई, असं त्यांच्या मनात आलं. त्यांना तिचा राग आला. फार दिवसांनी आला.

"मग ह्याला औषध काय, अक्का?"

"काय न्हाय. जन्माचं हाय ते."

जत्रेत रामहरी उभा राहिला आणि पहिल्याच ओळीला थांबला. झुंबरनं न थांबता थाप मारली. टाळकऱ्यांतले निम्मे इकडं गेले, निम्मे तिकडं. गेणबांनी कपाळाला हात लावला. म्हस्कू हळूच पुढं सरकला.

दुसरी ओळ. रामहरी पुन्हा थांबला. मंडपात एका बाजूला बायका बसल्या होत्या, गावोगावच्या, जात्यावर दळत आलेल्या, गाणाऱ्यासोबत ओळ धरणाऱ्या. त्याही त्याच्याबरोबर थांबल्या. सगळ्या. आणि त्याच्याबरोबरच एका आवाजात पुढं निघाल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चुकत होते ते फक्त पुरुष.

"अहो, ह्या बायकांनी पार ताल मोडला की!" झुंबर मृदंगावरून ओरडला. "मी काय करू आता?"

"तात्या, मी घेऊ का?" म्हस्कूनं चुलत्याला विचारलं.

गेणबांनी म्हस्कूला दंडाला धरून मागं सारलं.

"काय करू म्हंजे? थांब की तू बी!" ते झुंबरवर खेकसले. "एवढ्या बाया थांबत्यात, तुझाच हात काय खाजतोय?"

झुंबर तोंडातल्या तोंडात पुटपुटला. तिसऱ्या ओळीला त्यानं हात वर नेला, वरच धरला, आणि रामहरी पुढं निघाला तशी थाप दिली. जराशी उशिरा पडली, पण पडली.