मनगट माथ्यावर, आकडा खाली

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, खुर्च्यांमधल्या वाटा भरल्या, शेवटी माणसं खिडक्यांच्या कठड्यांवर जाऊन बसली. सगळ्यांच्या नजरा व्यासपीठावरच्या उंच स्टुलावर खिळल्या होत्या. त्या स्टुलावर माझी ताई बसली होती आणि तिच्या मनगटावर रक्तदाब मोजायचं यंत्र गुरगुरत होतं.

"किती?" नाडीगुरूंनी विचारलं.

"वरचा एकशे ब्याऐंशी!" आमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने यंत्रावरचा आकडा वाचला.

"अगंबाई!" म्हणून सगळं सभागृह हळहळलं.

या नाडीगुरूंना दाढी नव्हती, माळा नव्हत्या. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची पँट, खिशाला पेन. बँकेत कर्ज नाकारायला बसवावा असा माणूस. पण तोंड उघडलं की काय विचारता!

"मी बाबा नाही, बुवा नाही. चमत्कार मला येत नाहीत. मी फक्त नसांशी बोलतो. तुमचं रक्त बिचारं आत कोंडलंय, वाट शोधतंय. आणि तुम्ही काय करता? त्याला गोळ्या मारता! अहो, रडणाऱ्या लेकराला कोणी गोळ्या मारतं का?"

लोक हसले. दोनतीन बायकांनी डोळेही टिपले. हसवायचं आणि रडवायचं एकाच दमात, हे त्यांना छान साधलं होतं.

"आणि यंत्र माझं नाही बरं का! हे तुमचे औषधवाले आले आहेत मला खोटं ठरवायला. त्यांनी नवीन यंत्र आणलंय. खोका कोणी फोडला, सांगा."

"मीच. सगळ्यांसमोर," औषधवाला म्हणाला. हा माणूस सरळ. गोळी महाग असली तर स्वतःच स्वस्तातली सुचवणारा. तो खरंच पोल खोलायला आला होता.

नाडीगुरूंनी ताईच्या उजव्या हातात तांब्याचं कडं चढवलं. "मघाशी यंत्राचा हात खाली सोडायला सांगितला, का? अहंकार गळावा म्हणून." अहंकाराचं ठाऊक नाही, हात मात्र स्टुलाच्या बैठकीखाली लोंबत होता. "आता तोच हात माथ्यावर ठेवा. शरण गेल्यासारखा. डोळे मिटा. नसांना म्हणा, मी तुम्हाला माफ केलं."

ताईने डावा हात डोक्यावर ठेवला. नाडीगुरूंनी त्यावर आपला हात ठेवला. यंत्र पुन्हा गुरगुरलं.

औषधवाल्याने आकडा पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला.

"एकशे सव्वीस," तो अगदी हळू म्हणाला.

मग टाळ्यांचा जो कडकडाट झाला, विचारू नका. तांब्याची कडी विकत घ्यायला रांगच लागली. आणि ताई व्यासपीठावरून उतरली ती लहान पोरीसारखी हसत. एवढी खूश मी तिला कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती.

माझी ताई बस स्टँडवर माईकवरून गाड्यांच्या घोषणा करायची. 'प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे' हे तिचं वाक्य गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. आवाज असा की गाडी चुकलेल्या माणसालाही बरं वाटावं. भाजीवाल्याकडे तिने "वांगी कशी दिली?" एवढं म्हटलं तरी माणसं वळून बघत.

त्या आवाजाला दृष्ट लागली ती रक्तदाबाच्या गोळीने. डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली आणि ताईला कोरडा खोकला लागला. ऐन घोषणेत ढास यायची. "फलाट क्रमांक दोनवर" म्हणून थांबायची, आणि लोक दोन नंबरवर पळत सुटायचे तोवर ही खोकत खोकत पुढचं गाव सांगायची. स्टँडवरच्या हमालांनी तिची नक्कलसुद्धा सुरू केली. ती वरवर हसायची. घरी येऊन गुळण्या करताना मात्र रडायची.

त्यामुळे त्या संध्याकाळी घरी येताच तिने गोळ्यांची पाकिटं उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"ताई, वेडी आहेस का तू? डॉक्टरांना विचार तरी!"

"त्या गुरूंनी काय सांगितलं? गोळी घेतली की कडं रुसतं."

"कडं रुसतं! ते काय जावई आहे?"

"तू चेष्टाच कर. आकडा तुझ्या डोळ्यांदेखत उतरला की नाही? यंत्र दुकानातलं, वाचणारा दुकानदार. सांग ना, मग कसा उतरला? विज्ञान शिकवतेस ना शाळेत? सांग!"

मी बरीच बडबड केली, पण तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. उत्तर नसलेल्या माणसाचा आवाज उगाच चढतो, तसा माझा चढला. ती म्हणाली, "बघ, आता तुझाच वाढला असेल."

थोड्याच दिवसांत खोकला गेला. आणखी काय पुरावा हवा? ताईने तसलंच यंत्र विकत आणलं. रोज सकाळी अंघोळ झाली की ती ते मनगटावर बांधायची, गुरूंनी शिकवल्याप्रमाणे हात माथ्यावर ठेवायची, डोळे मिटून नसांना माफ करायची आणि मग आकडा माझ्या नाकासमोर धरायची. आकडा रोज चांगला यायचा. तिचा आवाज पुन्हा स्वच्छ झाला होता, चेहऱ्यावर तेज आलं होतं. मी डॉक्टरांचं नाव काढलं की ती यंत्र दाखवायची. हळूहळू मीही नाव काढेनाशी झाले.

ज्या दिवशी ते झालं, त्या सकाळीसुद्धा आकडा चांगलाच होता.

दुपारी स्टँडवर तिने माईक सुरू केला. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष..." इथवर नीट. मग शब्द एकमेकांत मिसळले. गावांची नावं अर्धीमुर्धी, मग नुसतेच आवाज. सगळ्या कर्ण्यांतून ते ऐकू येत होतं. लोकांना वाटलं माईक बिघडला. हसले काही जण. त्यांना तरी काय कळणार होतं? वाहतूक नियंत्रक खोलीत धावला तेव्हा ताई खुर्चीत एका बाजूला कलली होती आणि तिचा डावा हात माईकचं बटण दाबूनच होता.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. "दाब दोनशेच्या वर आहे. गोळ्या चालू होत्या ना?"

"सोडल्या होत्या. पण डॉक्टर, आज सकाळीच मोजला होता तिने. एकशे तीसही नव्हता. मी स्वतः बघितला."

"कसा मोजला? दाखवा बरं करून."

यंत्र ताईच्या पर्समध्येच होतं. मी ते माझ्या मनगटावर बांधलं आणि हात डोक्यावर ठेवला. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी माझं कोपर धरून हात हलकेच खाली आणला आणि मनगट छातीपाशी टेकवलं.

"यंत्र इथे हवं. हृदयाच्या पातळीला. रक्तालाही वजन असतं हो. मनगट हृदयाच्या वर नेलं की तिथला दाब कमी भरतो, खाली लोंबवलं की जास्त. यंत्र खोटं बोलत नाही. ते मनगटातला दाब दाखवतं, आणि आपल्याला हवा असतो हृदयापाशी असतो तो. रोज डोक्यावर हात ठेवून मोजला तर वाढलेला दाबही छान दिसणार."

मी कपाळावर हात मारून घेतला. डब्याला वरखाली तीन भोकं पाडायची आणि पाणी भरायचं. वरच्या भोकातून धार मवाळ, तळाच्या भोकातून जोरदार. दर वर्षी वर्गात करून दाखवते मी हा प्रयोग. दर वर्षी फरशी ओली होते, पोरं खिदळतात. माझी ताई म्हणजे तो डबाच होता, आणि त्या माणसाने आधी तळाची धार दाखवली, मग वरची.

"गोळ्या का सोडल्या त्यांनी?" बाईंनी विचारलं.

"खोकला यायचा. माईकवर बोलणं जमेना."

"कोरडा खोकला? अहो, तो त्या गोळीचाच. काही जणांना होतो. मी दुसरी गोळी लिहून दिली असती, खोकला थांबला असता. एवढंच सांगायचं होतं हो मला येऊन. आणि मीही सुरुवातीलाच सांगून ठेवायला हवं होतं."

एवढंच! आवाज वाचवायला माझ्या बहिणीने गोळी सोडली होती. दुसऱ्या साध्या गोळीने तो वाचला असता.

ताई घरी आली ती चाकाच्या खुर्चीतून. बोलणं नाहीच. ओठ हलायचे, घशातून हुंकार यायचा, आणि मग तीच चिडून तोंड फिरवायची. तिच्या उजव्या हातात ते कडं तसंच होतं. मी ते काढायला गेले तेव्हा तिने डाव्या हाताने ते घट्ट धरून ठेवलं. मी तिला सगळं सांगितलं, यंत्र बांधून हात वर-खाली करून दाखवलं. तिला सगळं कळत होतं. ती खूप रडली. मग मी विचारलं, "त्या माणसाची सभा आहे. मी जाणार आहे. येतेस?" तिने होकारार्थी मान डोलावली.

औषधवाला आमच्याबरोबर आला. "आकडा मीच वाचला होता ना," एवढंच तो वाटेत म्हणाला.

सभागृह तसंच खच्चून भरलं होतं. नाडीगुरू 'रडणाऱ्या लेकरा'पाशी आले होते. मी हात वर केला. "मला मोजायचंय." नवीन गिऱ्हाईक समजून त्यांनी प्रेमाने बोलावलं. मी स्टुलावर बसले आणि औषधवाल्याने माझ्या मनगटाला यंत्र बांधलं.

"हात खाली सोडते. अहंकार गळू दे," मी म्हटलं. आकडा आला एकशे पन्नास. "आता कडं नको, मंत्र नको, गुरुजींचा हातही नको." मी हात डोक्यावर ठेवला. आकडा आला अठ्ठ्याण्णव. "आता छातीपाशी." एकशे वीस.

लोक चुळबुळले.

"तीन आकडे, बाई एक, यंत्र एक! बदललं काय? फक्त हात. खाली केला की आकडा वर, वर केला की आकडा खाली. तुमच्या घरातलं कोणतंही मनगटी यंत्र आणा आणि स्वतः करून बघा!"

"या बाईंची श्रद्धा नाही," नाडीगुरू हसून म्हणाले.

"श्रद्धा नसताना उतरला की! मग कडं कशाला विकता?"

पुढच्या रांगेत हशा पिकला. औषधवाल्याने यंत्र सोडलं आणि नाडीगुरूंपुढे धरलं. "आता तुमचा मोजू. हात खाली सोडा." त्यांनी झटकन दोन्ही हात पाठीमागे नेले. तेव्हा मात्र सगळेच हसले. मला हसू आलं नाही.

"ही माझी ताई." मी खुर्चीकडे बोट दाखवलं. "हिला ओळखलंत? याच स्टुलावर बसली होती."

"मी कुणाला गोळ्या सोडा असं सांगत नाही!" आता गुरूंचा आवाज चढला. "ज्याने त्याने आपल्या मनाने..."

मग एकच कल्लोळ. "तुम्हीच सांगितलंत!" "माझ्या आईनेही सोडल्यात!" "अहो, त्यांना बोलू तरी द्या!" कुणाचं कुणाला ऐकू येईना. माझा घसा बसला तरी मी ओरडत होते, आणि माझाही एक शब्द कुणापर्यंत पोचत नव्हता.

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला. जड, तुटका, पण तोच.

"प्रवाशांनी... कृपया... इकडे... लक्ष द्यावे."

सभागृह गप्प झालं. गावातलं एकही माणूस असं नव्हतं ज्याला तो आवाज माहीत नव्हता. ताईने डाव्या हाताने उजव्या हातातलं कडं उपसून काढलं. वेळ लागला, पण कुणी मदतीला गेलं नाही. तिने ते व्यासपीठाच्या काठावर ठेवलं. मग हळूहळू माणसं उठली आणि एकेकाने आपलं कडं तिच्या कड्याशेजारी नेऊन ठेवलं. नाडीगुरू कधी गेले ते मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची पाटीही गेली होती. दुसऱ्या कुठल्या तरी गावात लागली असेल.

मला वाटलं, ताईची वाचा परत आली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की वर्षानुवर्षं घोकलेलं वाक्य कधीकधी तेवढं शिल्लक राहतं. तसंच झालं. पाणी हवं असलं की ती तेच म्हणते, कूस बदलायची असली की तेच, माझ्यावर रागावली तरी तेच. दुसरा शब्द अजून आलेला नाही.

म्हणून तिच्या वतीने मी बोलते. रक्तदाब मोजण्याआधी थोडा वेळ गप्प बसा. पाठ टेका. हात टेबलावर टेकवा, यंत्र हृदयाच्या पातळीला ठेवा. गोळी सोसत नसेल तर डॉक्टरांना जाऊन सांगा, दुसरी मिळते. आणि कुणी तुम्हाला चमत्कार दाखवला तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा, की कड्याशिवाय आणखी काय बदललं?

रोज सकाळी मी ताईचा रक्तदाब मोजते. डावा हात ती स्वतःच उचलून उशीवर ठेवते, छातीच्या बरोबरीने, आणि माझ्याकडे बघून आपलं वाक्य म्हणते.

"लक्ष देते गं ताई," मी म्हणते. "आता देते."