चाळीस मीटरची चूक

मित्रांनो, तळहातावर मावणारा, पितळी कडेचा मी एक जुना उंचीमापक आहे. माझ्या पोटात हवा काढून घेतलेली पातळ पत्र्याची डबी आहे. डोंगर चढताना हवेचा दाब कमी होतो, डबी किंचित फुगते आणि माझी सुई पुढे सरकते. मात्र आभाळ भरून आले तरीही दाब उतरतो. मग खुंटीवर टांगलेल्या मलाही वाटते, आपण वर चढलो! म्हणून रोज सकाळी, ज्या जागेची उंची ठाऊक आहे तिथे, माझी सुई जुळवून घ्यावी लागते.

हे काम वसुधाकाकूंचे. त्यांचे यजमान सुबोधकाका लखनौच्या एका संशोधन संस्थेत होते. दर ऑक्टोबरात तेलीबागेतली चार-पाच मराठी कुटुंबे चारबाग स्टेशनहून काठगोदामची गाडी पकडत आणि कुमाऊँतल्या जुन्या खेचरवाटांवरून चालत. दगडी कठडे, शेवाळलेले मैलाचे दगड, पुढे काका, त्यांच्या गळ्यात मी. निघताना काकू डाकबंगल्याच्या पाटीवरची उंची वाचत, अंगठ्याच्या नखाने माझा स्क्रू फिरवत आणि आकडा मोठ्याने सांगत. मुले तो ओरडून म्हणत. काय मान होता माझा!

पुढे मोबाइल आले आणि मी खणात, संपलेल्या सेलांशेजारी जाऊन पडलो. गेल्या हिवाळ्यात काकूही गेल्या.

यंदाच्या कुमाऊँ सहलीसाठी काकांनी मला बाहेर काढले, रुमालाने पुसले आणि गळ्यात घातले. सहलींच्या जुन्या वहीत लिहिले होते, ‘१९४० मीटरवर डावी वाट.’ धुके दाट होते, मोबाइलला रेंज नव्हती. माझी सुई १९४० वर आली तसे काका डावीकडे वळले. अर्ध्या तासाने वाट ढासळलेल्या कड्यापाशी संपली.

काकांचे मित्र माधवराव खाली बसले. “सुबोध, पुरे झालं आता. पुढच्या वर्षी तू घरी बसून फोटो बघ.”

“तुझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे मी,” काका म्हणाले. पण वहीतली ओळ त्यांनी पुन्हा वाचली. आज वाट सापडली नाही, तर यानंतर आपल्याला कोणी बरोबर आणणार नाही, हे त्यांना कळले होते.

माधवरावांची नात शिवांगी नुकतीच पदार्थविज्ञान शिकून बाहेर पडली होती. ती मराठी ऐके आणि हिंदीत बोले. “आजोबा, डाँटो मत ना. काका-आजोबा, आज सुबह इसे सेट किया था?”

काका माझा स्क्रू अंगठ्याने चाचपू लागले. “ते वसुधा करायची,” एवढेच म्हणाले.

शिवांगीने मोबाइल काढला. निघताना तिने गंमत म्हणून माझा फोटो घेतला होता. मागे बंगल्याची पाटी होती, १७०० मीटर. माझी सुई मात्र १७४० वर!

“चालीस मीटर ज़्यादा! हम जल्दी मुड़ गए. असली मोड़ ऊपर है.”

“म्हणजे वाट सुबोधला ठाऊक होती,” माधवराव पुटपुटले.

सगळे मागे फिरले आणि पहिल्या वळणावरून चाळीस मीटर आणखी चढले. धुक्यातून जुन्या खेचरवाटेचा दगडी कठडा दिसला. काकांनी त्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

दुसऱ्या सकाळी पुढच्या बंगल्याच्या पाटीखाली शिवांगी स्क्रू फिरवू लागली.

“थांब, मला शिकव,” काका म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी जुळवले नव्हते. दोनदा सुई पुढे गेली, तिसऱ्यांदा बसली. “दोन हजार दहा!” ते ओरडले.

“ऐकू आलं रे,” माधवराव बुटाची नाडी बांधत म्हणाले. “पुढच्या ऑक्टोबरची तिकिटं मी काढतो. खालचा बर्थ मात्र माझा.”

मित्रांनो, आम्हा जुन्या उपकरणांना नुसते पुसून गळ्यात घालू नका. आम्ही चुकतो. आमची चूक किती, ते रोज तपासा, आणि ते काम घरात एकाच माणसाला येईल असे होऊ देऊ नका.